दत्तारामच्या वहीतलं गाद्याचं पान

पोस्टिंग ऑर्डर संध्याकाळच्या रोल कॉलला वाचून दाखवली. निकोबार. सुभेदार साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "सकपाळ, तू तो कोकण का है. तेरे लिए घर जैसा." सगळे हसले. मीही "जी साहेब" म्हणून मोकळा झालो. समुद्र मी तोवर दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा गाडीच्या खिडकीतून.

रायगड जिल्हा म्हटलं की लोकांना वाळू आणि नारळ दिसतात. त्यांना एकदा आमच्या वाडीवर चढवायला पाहिजे, म्हणजे खोड मोडेल. पोलादपूर तालुका, आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरमाथ्यावर चौदा घरं. माणसं निम्मी मुंबईला, म्हशी सगळ्या घरी. पावसाळ्यात धुकं असं उतरतं की स्वतःच्या हातातली काठी दिसत नाही. तेव्हा गुरं घरी आणायची आमची एक रीत आहे. वाट शोधायची नाही. कळपातली जुनी म्हैस पुढे घालायची, तिची शेपटी धरायची आणि तोंड मिटून मागून चालायचं. ती कड्याकडे जात नाही. ज्यानं स्वतःची अक्कल चालवली तो खाली दरीत सापडतो.

महाडच्या शाळांत मला झेंडावंदनाला बोलावतात. मुलं विचारतात, काका, तुम्ही किती शत्रू मारले? एकही नाही, मी सांगतो. मग मी त्यांना डॉल्फिनबद्दल सांगायला लागतो आणि मास्तरांचा चेहरा पडतो. पडू दे. सतरा वर्षांच्या नोकरीत मी जे सगळ्यात मोठं पाहिलं, ते तेच होतं. आणि ते ज्यानं मला दाखवलं, त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

नाईक दत्ताराम शिगवण. गाव तुडील, तालुका महाड. सावित्रीच्या काठावरचं गाव. तिथपर्यंत नदीला समुद्राची भरती येते. त्याच्या वडिलांची होडी होती, त्यामुळे हा चालायच्या आधी वल्हं धरायला शिकला असावा. युनिटमध्ये तो बोट ऑपरेटर होता. मी लान्स नाईक. आमच्या दोघांच्या गावांत फार अंतर नाही, पण त्याला डोंगर चढताना धाप लागायची आणि मला बोटीत पाय ठेवला की ओकारी. एकमेकांची टिंगल करायला एवढं भांडवल पुरलं.

बेटाचं नाव मी सांगणार नाही. पोस्ट अजून तिथं आहे. बावीस माणसं, एक वॉच टॉवर, एक जनरेटर, दोन बोटी. पोस्ट कमांडर कॅप्टन साहेब गढवालचे, म्हणजे माझ्यासारखेच डोंगरातले. तिथं पहाटे पाचच्या सुमारालाच उजाडतं. घड्याळ मुंबईचं आणि सूर्य पार पूर्वेचा, त्यामुळे पहिले पंधरा दिवस आपण रोज उशिरा उठलो असं वाटत राहतं. ०५०० स्टँड टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर. ०५४५ चहा. ०६०० ला टॉवरवरची ड्यूटी बदलायची. आठवड्यातून एकदा रेशनसाठी बोट मोठ्या बेटावर जायची, दोन तासांची धाव.

पहिल्याच आठवड्यात दत्तारामनं मला टॉवरवरून हाक मारली. मी धावत वर गेलो, वाटलं काहीतरी घुसलं हद्दीत. त्यानं दुर्बीण हातात दिली. खाडीच्या तोंडाशी पाणी उकळल्यासारखं हलत होतं आणि त्यातून एकेक जनावर वर उडत होतं. नुसतं उडत नव्हतं. हवेत स्वतःभोवती गिरकी घेत होतं. एक, दोन, तीन, चार वेढे, मग पाण्यावर आडवं आपटायचं. लगेच दुसरं. मी मोजायला गेलो आणि साठाच्या पुढे सोडून दिलं.

"काय हाय रे हे?"

"गादा," तो म्हणाला. "पण आपला नव्हं. हा गिरकीवाला."

आपल्या कोकणात डॉल्फिनला गादा म्हणतात हे मला त्या दिवशी निकोबारात कळलं. घ्या. घरचं ज्ञान मिळवायला माणूस कुठवर गेला.

दत्तारामकडे एक वही होती, साधी दोनशे पानी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. त्याआधी तो सहा महिने लक्षद्वीपला होता. तिथलं सगळं पहिल्या भागात. बेटाभोवती प्रवाळाची भिंत, आत कमरेएवढं हिरवं पाणी, भिंतीत एखादंच भगदाड, आणि त्या भगदाडातून सकाळी आत येणारे गादे. वेळ, किती, कुठून आले, पिल्लं किती, वारा कुठला, शेजारी पेननं काढलेलं चित्र. मग अंदमान, मग निकोबार. शेवटी प्रत्येक जातीला एक पान, आणि नावं त्यानं स्वतः ठेवली होती. गिरकीवाला, सडपातळ, लांब चोचीचा. बाटलीतोंड्या, अंगानं दणकट, बोटीच्या पुढे पुढे पळणारा, लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या पोरासारखा. ठिपक्या, खोल समुद्रातला, लाजरा. आणि चौथा बिनचोचीचा, डोकं घागरीसारखं, अंगभर पांढरे ओरखडे. त्याला तो 'भांडखोर' म्हणायचा. कॅप्टन साहेबांनी प्रत्येकाचं इंग्रजी नाव लिहून दिलं, स्पिनर, बॉटलनोज वगैरे. दत्तारामनं ते साहेबांचा मान राखायला बाजूला लिहिलं आणि हाक मात्र आपल्याच नावानं मारली.

त्यातलं पाचवं पान कोरं होतं. वर फक्त लिहिलेलं, 'आपला गादा'.

मी विचारलं, हे का रिकामं? तो म्हणाला, आपला म्हणजे पाठीवर उंचवटा असलेला, राखाडी, बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी येतो तो. लहानपणी वडिलांबरोबर पाहिला होता. इकडे सगळ्या बेटांवर शोधला, एकदाही दिसला नाही. या निळ्या स्वच्छ पाण्यात त्याला करमत नाही. त्याला गढूळ, उथळ, नदीच्या तोंडचं पाणी लागतं. मी म्हटलं, म्हणजे तुझ्यापेक्षा तो शहाणा, घर सोडून आला नाही. यावर तो खूप वेळ हसला. सुट्टीत घरी गेल्यावर तो पाहायचा आणि पान भरायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

मी चेष्टा करायचो, पण हळूहळू मलाही त्या जनावरांचं वेड लागलं. एवढी शिस्त मी चांगल्या चांगल्या प्लाटूनमध्ये पाहिली नाही. रात्रभर बाहेर खोल पाण्यात शिकार करायची आणि सकाळी झोपायला उथळ खाडीत यायचं. झोप म्हणजे काय, तर सगळ्यांनी जवळ जवळ राहून संथ फेऱ्या मारायच्या, पिल्लं मधे, मोठे बाहेरून. उड्या बंद, आवाज बंद. कुणी ऑर्डर दिलेली दिसत नाही, पण वळायचं तेव्हा सगळे एकदम वळतात. मी टॉवरवरून तासन्‌तास बघायचो. घरी पत्रात लिहिलं, तर बायकोनं फोनवर विचारलं, अहो, तब्येत बरी आहे ना?

एकदा मी दत्तारामला आमच्या म्हशीची रीत सांगितली. तो हसला नाही. वही काढून ती त्यानं गिरकीवाल्याच्या पानावर लिहून ठेवली. आणि मग त्यानं त्यांच्या होडीची रीत मला सांगितली. सावित्रीत होडी चालवताना मागचा माणूस सुकाणू धरतो आणि पुढचा फक्त बघतो. पुढच्यानं दिसेल ते तोंडानं बोलायचं. लाकूड, फेस, बगळा, काहीही. महत्त्वाचं आहे की नाही हे ठरवायचं काम मागच्याचं. "पुढच्यानं डोकं नाय वापरायचं," तो म्हणाला. "दिसंल ते बोलायचं." मी म्हटलं, मग हे काम मला जमेल.

ते मला जमलं नाही. तेच सांगायचं आहे.

त्या दिवशी सिपाही मुरुगनच्या पोटात आदल्या संध्याकाळपासून दुखत होतं. सकाळपर्यंत तो गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, अंगात ताप. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, अपेंडिक्स आहे, फुटलं तर इथं काही करता येणार नाही. हवा खराब, हेलिकॉप्टर नाही. ०५०५ ला आम्ही बोट काढली. कॅप्टन साहेब, मुरुगन, नर्सिंग असिस्टंट, मागे इंजिनवर दत्ताराम, वल्ह्यांसाठी एक जवान आणि सगळ्यात पुढे मी.

०६०० पर्यंत ठीक होतं. मग पाऊस आला. तिथला पाऊस पडत नाही, भिंतीसारखा अंगावर येतो. हातातला जीपीएस पाणी शिरून बंद पडला. कंपास होता, पण प्रवाह आम्हाला किती बाजूला ओढतोय ते कंपास सांगत नाही. मोठ्या बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे आणि आत जायला एकच वाट, जेमतेम तीन बोटींच्या रुंदीची. ती चुकली की खाली खडक आणि वर लाटा.

वायरलेस सेटवर पोस्ट विचारत होती, "फॉक्स वन, पोझिशन भेजो, ओव्हर."

साहेब म्हणाले, "पोझिशन पता नहीं. ओव्हर."

पाऊस मधेच थोडा विरळ झाला आणि मला डावीकडे बेटाचा डोंगर पुसट दिसला. पायथ्याशी एक पांढरी पट्टी होती. मी ती नीट पाहिली. मला वाटलं, धुकं उतरलंय. जन्मभर मी सकाळी उठून डोंगराच्या पायथ्याला तीच पांढरी पट्टी पाहत आलोय. धुकं म्हणजे सांगण्यासारखं काय आहे? मी बोललो नाही.

ते धुकं नव्हतं. भिंतीवर फुटणाऱ्या लाटांचा फेस होता.

दोन मिनिटांत बोट खडकाला घासली. इंजिनचा आवाज एकदम चढला आणि बोट जागच्या जागी थांबली. पंख्याला एक छोटी पिन असते. पंखा आपटला की ती तुटते आणि इंजिन वाचतं. बोटीत एक जादा पिन ठेवायची पद्धत होती. एकच. आम्ही वल्ह्यांनी बोट मागे ओढली, दत्तारामनं मागे ओणवं होऊन, लाटा तोंडावर घेत, चार मिनिटांत पिन बदलली. मग वर बघून मला एवढंच विचारलं, "फेस दिसला नव्हता रे?"

मी म्हटलं, "दिसला होता."

तो इंजिनकडे वळला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मुरुगन आता ओरडायचा बंद झाला होता. नर्सिंग असिस्टंट साहेबांच्या कानाशी काहीतरी बोलला आणि साहेबांनी घड्याळ पाहिलं. ०६३५. उजवीकडे जायचं की डावीकडे, कुणालाच सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात मागून, समुद्राच्या बाजूनं ते आले. आधी फुसफुस आवाज, मग पाठीचे पर. गिरकीवाले. चाळीस-पन्नास असतील. रात्रीची ड्यूटी संपवून झोपायला निघालेले. उड्या नाहीत, घाई नाही. बोटीच्या दोन्ही अंगांनी ते पुढे गेले. या वेळी मात्र मी तोंड उघडलं.

"दत्तू, गिरकीवाले! उजव्या हाताला वळतायत. म्हशीच्या मागनं चल."

साहेब म्हणाले, "क्या बोला?"

दत्ताराम म्हणाला, "साब, ये लोग सुबह इसी रास्ते से अंदर जाते हैं. ग्यारह बार का टाइम लिखा है मेरे पास."

साहेबांनी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. डोंगरातला माणूस तो. "जाओ," म्हणाले.

आम्ही गेलो. मी बोलत होतो, सतत. पर डावीकडे. फेस उजवीकडे, वीस मीटर. पिल्लू. पाणी काळं. पाणी अजून काळं. काळं म्हणजे खोल. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधून ती जनावरं अशी चालली होती जशी आमची गुरं दिवेलागणीला वाडीत शिरतात. आयुष्यात मी इतका घाबरलेला आणि इतका आनंदात एकाच वेळी कधी नव्हतो.

वाट अर्ध्यावर आली तेव्हा मागून एक मोठी लाट आली आणि बोटीची शेपूट उचलून बाजूच्या खडकावर टेकवली. पुन्हा तोच चढा आवाज. पिन गेली. दुसरी नव्हती. दुसरी माझ्या धुक्यात गेली होती.

पुढची लाट बोट उलटी करणार हे दत्तारामला आमच्या आधी कळलं. तो उतरला. लाइफ जॅकेट अंगात, पाणी छातीपर्यंत, पाय त्या धारदार प्रवाळावर. पाठ बोटीला लावली आणि रेटली. बोट हलली, सुटली, वाटेच्या मध्यावर आली. मी मागे वळून त्याला हात द्यायला उठलो.

"सकपाळ, पुढं बघ," तो ओरडला. "दिसंल ते बोल."

मी पुढे पाहिलं. ऑर्डर होती. मी पाठीचे पर सांगत राहिलो, साहेब आणि जवान वल्ही मारत राहिले. सहा-सात मिनिटं. पाणी एकदम गप्प झालं, तेव्हा मी मागे वळलो. बोटीत आम्ही पाच होतो.

०७०२ ला मुरुगनला किनाऱ्यावर उतरवलं. तो वाचला. आज त्याला दोन मुली आहेत. दत्ताराम ०९५० ला बेटावरच्या माणसांना सापडला, भिंतीच्या आत, शांत पाण्यात. डोक्याला मार होता. त्यांनी त्याला आपल्या होडीतून फार जपून आणलं. पलीकडे खाडीत गिरकीवाले फेऱ्या मारत झोपले होते. मला त्यांचा राग आला. मग तो राग गेला. त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. कामात कसूर माझी होती.

त्याला घेऊन तुडीलला मीच आलो. त्याचे वडील गणूतात्या पुढे उभे होते. त्याची पेटी त्यांना सोपवली, सही घेतली, सॅल्यूट केला. वही दिली नाही. वही दिली असती तर बोलावं लागलं असतं. पुढे नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक सुट्टीत महाडच्या एसटी डेपोत उतरायचो आणि तुडीलच्या गाडीकडे पाठ करून पोलादपूरची गाडी धरायचो. सीमेवर छाती काढून उभा राहणारा माणूस एका म्हाताऱ्याला घाबरत होता, हे खरं आहे.

निवृत्त झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात गेलो. तात्या ओट्यावर जाळं विणत होते. आत बघून म्हणाले, "चहा टाक गो. दत्तूच्या पलटणीतला आलाय." मी चहाला हात लावायच्या आधी सगळं सांगितलं. पांढरी पट्टी, धुकं, पिन. तात्यांनी जाळं खाली ठेवलं. मी पुढे केलेली वही हातात घेऊन पानं उलटली. वाचता येत नव्हतं त्यांना, पण चित्रं होती. कोऱ्या पानावर थांबले, वर काय लिहिलंय विचारलं. मी वाचून दाखवलं.

आत दत्तूची आई रडत होती, ते ऐकू येत होतं. मग तात्या म्हणाले, "उद्या पहाटे सुकती लागंल. येशील?"

ओहोटीबरोबर आम्ही निघालो. होडीला आता छोटं मशीन आहे. मी मधल्या फळीवर बसायला गेलो, तर तात्या मागून म्हणाले, "तिथं नाय. पुढं बस."

मी त्यांच्याकडे वळलो.

"पुढं बस," ते पुन्हा म्हणाले. "आन् दिसंल ते बोल."

मी पुढे बसलो. आणि बोलत राहिलो, अडीच-तीन तास, घसा कोरडा पडेपर्यंत. लाकूड. बगळा. जाळ्याचा बांबू. फेस, डाव्या हाताला. प्रत्येक शब्दावर तात्या मागून नुसतं "हां" म्हणायचे. खाडी रुंद झाली, पाणी चहासारखं गढूळ, पुढे बाणकोटचं तोंड दिसायला लागलं. तेव्हा त्या गढूळ पाण्यातून एक राखाडी पाठ वर आली. तिच्यावर उंचवटा होता. गिरकी नाही, उडी नाही. सावकाश वर आली, एक श्वास घेतला आणि खाली गेली. मागून दुसरी. तिच्या कुशीला एक लहान.

मी बघतच राहिलो. मागून तात्यांचा आवाज आला.

"दिसतंय ते बोल, बाळा."

"गादा, तात्या. आपला गादा."

"किती?"

"दोन. आन् एक पिल्लू."

त्यांनी मशीन बंद केलं. "लिव," म्हणाले.

मी वही उघडली आणि त्याच्याच पद्धतीनं लिहिलं. ०९१५. खाडीचं तोंड. पाणी गढूळ, वारा नाही. आपला गादा, दोन मोठे, एक पिल्लू. खाली 'पाहणारे' असा रकाना तो नेहमी ठेवायचा. त्यात मी तात्यांचं नाव घातलं, माझं घातलं, आणि सगळ्यात वर, रँकप्रमाणे, नाईक दत्ताराम शिगवण.